उद्याचा खेळाडू आज ओळखता येतो का?

विद्यार्थी मित्रहो, प्रथम एक कोडे घालतो. दोन तरुण बास्केटबॉलपटू आहेत. अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक संघटनेच्या स्पर्धेत दोघांनीही २०१३-१४ च्या मोसमात पहिले पाऊल टाकले. त्या मोसमात ३० संघांत जे दोन संघ सर्वांत कमी सामने जिंकले, त्यांतच हे दोघे होते. पहिल्याने सामन्यामागे सरासरी १६.७ गुण मिळवले, ६.२ वेळा रिबाउंडचा, म्हणजे उसळून परत आलेला, चेंडू पकडला आणि ६.३ वेळा सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास दिला. दुसऱ्याचे तेच आकडे ६.८, ४.४ आणि १.९ असे होते. तुम्ही एका मोडकळीस आलेल्या संघाचे व्यवस्थापक आहात आणि पुढल्या दहा वर्षांसाठी यांतील एकालाच ठेवून घेता येणार आहे. कोणाला ठेवाल?

बहुतेक जण पहिल्याचे नाव घेतील, आणि त्यात गैर काही नाही. आकडे तसेच बोलतात. पहिला खेळाडू म्हणजे फिलाडेल्फिया संघाचा मायकेल कार्टर-विल्यम्स. त्या वर्षीच्या सर्व नवोदितांमध्ये गुण, रिबाउंड आणि पास या तिन्हींत तो पहिला आला आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान त्यालाच मिळाला. दुसरा होता मिल्वॉकी संघाचा ग्रीक तरुण यानिस आंतेतोकूम्पो. पुढे काय झाले? पुरस्कार मिळाल्यावर वर्षही उलटले नाही तोच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, फिलाडेल्फियाने कार्टर-विल्यम्सला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकले. तो मिल्वॉकीला, म्हणजे यानिसच्याच संघात गेला. दुखापतींनी त्याला छळले आणि संघामागून संघ बदलत त्याची कारकीर्द सरली. यानिसची सरासरी मात्र ६.८ वरून १२.७, मग १६.९, मग २२.९, मग २६.९ अशी चढत गेली. २०१९ आणि २०२० साली तो संपूर्ण स्पर्धेतील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. २०२१ साली अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यात ५० गुण काढून त्याने मिल्वॉकीला विजेतेपद मिळवून दिले.

‘नशीब एकेकाचे’ असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एवढ्यावर थांबू नये. माझे म्हणणे असे की, त्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांतच सावध होण्यासारखे बरेच काही होते. आकडे खोटे नव्हते. त्यांना विचारायचे प्रश्न विचारले गेले नव्हते. आणि हे प्रश्न दूरच्या अमेरिकेपुरते नाहीत. तुमच्या शाळेचा संघ निवडला जातो तेव्हाही तेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत, आणि सहसा ते विचारले जात नाहीत.

वय किती?

पहिला प्रश्न वयाचा. कार्टर-विल्यम्सचा जन्म ऑक्टोबर १९९१ चा, यानिसचा डिसेंबर १९९४ चा. म्हणजे त्या मोसमात एक २२ वर्षांचा होता, तर दुसऱ्याला १९ वे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. तीन वर्षांचे हे अंतर किती मोठे आहे ते पाहा. १९ वर्षांचा असताना कार्टर-विल्यम्स अजून शालेय शिक्षण संपवत होता. त्याच वयात यानिस जगातल्या सर्वांत अवघड स्पर्धेत पूर्ण वाढलेल्या पुरुषांशी टक्कर देत होता, आणि तोही ग्रीसमधील दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेतून थेट येऊन. शिवाय त्याची उंची अजून वाढतच होती.

एक साधी उपमा घेऊ. दोन आगगाड्या एकाच स्टेशनातून वेगवेगळ्या वेळी सुटल्या. दुपारी बारा वाजता पहिली शंभर कोसांवर आहे, दुसरी चाळीस कोसांवर. यावरून पहिली अधिक वेगवान आहे असे म्हणता येईल का? प्रत्येकीची सुटण्याची वेळ कळल्याखेरीज नाही. खेळाडूच्या बाबतीत आपण नेहमी ‘आज कुठे पोहोचला’ एवढेच पाहतो. तो किती वेळात तेथे पोहोचला आणि त्याच्यापुढे किती वाट शिल्लक आहे, हे पाहणे राहून जाते.

मात्र येथे एक खबरदारी घ्यायला हवी. लहान वय म्हणजे यशाची हमी नव्हे. २०१४ साली टोरांटो संघाने ब्रुनो काबोक्लो या १८ वर्षांच्या ब्राझिलियन तरुणाला निवडले. तोही उंच, लांब हातांचा, कच्चा, आणि सर्वांच्या आशा वाढवणारा होता. एन.बी.ए.मध्ये त्याचे बस्तान बसले नाही. पण गोष्ट तेथेही संपली नाही. युरोपात खेळून तो चांगला तयार झाला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खुद्द अमेरिकेविरुद्ध त्याने ३० गुण काढले. यानिसची कहाणी सर्वांना ठाऊक असते, कारण ती यशाची आहे. त्याच वयाच्या, त्याच बांध्याच्या, पण मागे पडलेल्या मुलांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही. केवळ जिंकलेल्यांकडे बघून नियम बांधला तर तो नियम फसवा असतो.

कोणाबरोबर खेळला?

दुसरा प्रश्न परिस्थितीचा. फिलाडेल्फिया संघ त्या वर्षी ८२ पैकी अवघे १९ सामने जिंकला आणि एकदा तर लागोपाठ २६ सामने हरला. आता विचार करा. हरणारा संघ म्हणजे शून्य गुणांचा संघ नव्हे. तोही सामन्यामागे शंभराच्या आसपास गुण करतोच. हे गुण कोणीतरी करायचेच असतात. अनुभवी खेळाडू नसले की चेंडू आपोआप नवख्यांच्या हाती येतो. त्यातून हा संघ साऱ्या स्पर्धेत सर्वांत वेगाने खेळणारा होता. वेग जास्त म्हणजे एका सामन्यात चढाया जास्त, चढाया जास्त म्हणजे फेकी, रिबाउंड, पास सगळेच जास्त. कार्टर-विल्यम्स सामन्यामागे सुमारे साडेचौतीस मिनिटे मैदानावर असे, यानिस साडेचोवीस.

तेव्हा एकूण गुणांऐवजी दर पाहावा. प्रत्येकाचे ३६ मिनिटांचे गुण काढले तर कार्टर-विल्यम्सचे सुमारे १७.४ येतात आणि यानिसचे सुमारे १०. म्हणजे अंतर कमी झाले, पण मिटले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण एका हिशेबाने सारे कोडे सुटते असा समज होऊ नये. आणखी एक आकडा घ्या. कार्टर-विल्यम्सने चालू खेळात मारलेल्या १०० फेकींपैकी सुमारे ४० जाळीत जात होत्या, आणि लांबच्या, तीन गुणांच्या, १०० फेकींपैकी जेमतेम २६. त्याचे गुण पुष्कळ होते, कारण त्याच्या फेकी पुष्कळ होत्या. चांगल्या संघात एवढ्या फेकी त्याच्या वाट्याला येणार नव्हत्या.

भौतिकशास्त्रात आपण वस्तूचे वजन आणि वस्तुमान यांत फरक करतो. चंद्रावर वजन बदलते, वस्तुमान बदलत नाही. खेळाडूचे गुण हे त्याच्या वजनासारखे असतात, ते आसपासच्या संघावर अवलंबून असतात. आपल्याला हवे असते ते त्याचे वस्तुमान. पण ते मोजणारा काटा अजून तरी कोणी बनवलेला नाही, म्हणून परिस्थितीचा भाग जमेल तेवढा वजा करत जावे लागते.

किती वेळा करून दाखवले?

तिसरा प्रश्न संख्येचा आहे, आणि तो तुम्ही वर्गात स्वतः तपासून पाहू शकता. वर्गातील चाळीस मुलांनी प्रत्येकी एक नाणे वीस वेळा उडवावे आणि किती वेळा छापा पडला ते लिहावे. प्रत्येकाचे छापे दहाच्या आसपास येतील. पण संभाव्यतेच्या गणितानुसार चाळीसपैकी दोघातिघांना चौदा किंवा अधिक छापे मिळावेत अशी अपेक्षा आहे. त्या दोघातिघांना ‘छापा पाडण्यात निष्णात’ म्हणून आपण निवडतो का? नाही. त्यांनाच पुन्हा वीस वेळा नाणे उडवायला सांगा. बहुधा ते दहाच्या आसपास परत येतील.

यालाच सांख्यिकीत सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना ही गोष्ट १८८६ साली मांडली. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांपेक्षा थोडी कमी उंच. जेथे गुण आणि योगायोग यांची सरमिसळ असते, तेथे पहिल्या खेपेचा चकित करणारा आकडा दुसऱ्या खेपेस थोडा खाली येतोच.

बास्केटबॉलमधील लांबची फेक पाहा. एन.बी.ए.च्या मैदानात तीन गुणांची रेषा समोरून बास्केटपासून ७.२४ मीटर अंतरावर असते. तेथून तेथील खेळाडू सरासरीने १०० पैकी सुमारे ३६ फेकी साधतात. समजा, एखाद्याची खरी कुवत नेमकी एवढीच आहे. त्याने १०० फेकी केल्या तर नेहमीच ३६ साधतील का? गणित सांगते की तीनपैकी दोन वेळा तो आकडा ३१ ते ४१ च्या दरम्यान पडेल आणि उरलेल्या एका वेळी याच्याही बाहेर. म्हणजे सामान्य फेक करणारा खेळाडू शंभर फेकींपुरता उत्तम वाटू शकतो आणि खरोखर चांगला असलेला सामान्य वाटू शकतो.

मग करायचे काय? एक युक्ती आहे. नवोदिताच्या नावावर सुरुवातीलाच समजा २०० ‘सरासरी’ फेकी जमा धरा, म्हणजे २०० पैकी ७२ यशस्वी. आता राम आणि श्याम अशी दोन मुले कल्पू. रामने २० पैकी १० साधल्या, म्हणजे ५० टक्के. श्यामने ४०० पैकी १६०, म्हणजे ४० टक्के. वरवर पाहता राम पुढे. युक्ती वापरली की रामचे होतात २२० पैकी ८२, म्हणजे सुमारे ३७ टक्के, आणि श्यामचे ६०० पैकी २३२, म्हणजे सुमारे ३९ टक्के. श्याम पुढे गेला. २०० हा आकडा येथे उदाहरणापुरता घेतला आहे, पण त्यातले तत्त्व पक्के आहे. पुरावा थोडा असेल तर सरासरीजवळ राहावे, आणि पुरावा वाढेल तसतसे त्या मुलाच्या स्वतःच्या आकड्यांवर अधिकाधिक विसंबावे.

मोजले ते योग्य होते का?

चौथा प्रश्न मापाचा. जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे, असे मानण्याची खोड माणसाला आहे. २००७ सालची गोष्ट. नव्या खेळाडूंची निवड होण्यापूर्वी त्यांच्या शारीरिक चाचण्या होतात. त्यांपैकी एका चाचणीत तेव्हा पाठीवर झोपून सुमारे ८४ किलोचे वजन जितक्या वेळा होईल तितक्या वेळा उचलायचे असे. केव्हिन ड्युरांट या १८ वर्षांच्या मुलाला ते एकदाही उचलता आले नाही. त्या वर्षी पहिली निवड पोर्टलँड संघाची होती. त्यांनी धिप्पाड ग्रेग ओडेनला घेतले. ड्युरांट दुसऱ्या क्रमांकावर गेला. ओडेनचे गुडघे साथ देईनात आणि त्याला एन.बी.ए.मध्ये साऱ्या कारकिर्दीत केवळ १०५ सामने खेळता आले. ड्युरांट २०१४ साली स्पर्धेतील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. ओडेनच्या गुणवत्तेबद्दल कोणाला शंका नव्हती, त्याच्या गुडघ्यांचे भाकीत कोणालाच करता आले नाही. पण वजन उचलण्याच्या त्या चाचणीचे काय? बास्केटबॉलमध्ये पाठीवर झोपून वजन उचलायचे नसते.

उंचीचेही तसेच. उंचीचा या खेळात उपयोग आहे, हे उघड आहे. पण उंचीने दार उघडते, पुढचे घर आपले आपण बांधायचे असते. पंजाबचा सतनाम सिंग भामरा हा भारतात जन्मलेला सुमारे २.१८ मीटर उंचीचा तरुण २०१५ साली डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडला. आपणा सर्वांना त्याचा अभिमान वाटला. तरी एन.बी.ए.च्या नियमित मोसमातील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उलट, सर्बियाचा निकोला योकिच पाहा. तोही उंच आहे, पण धावण्यात संथ आणि उडी मारण्यात बेताचा. २०१४ साली तो ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला, म्हणजे त्याआधी चाळीस वेळा दुसऱ्याच कुणाचे तरी नाव पुकारले गेले. त्याची नजर, हाताची नजाकत आणि सहकारी पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज हे मोजायला टेप नव्हती. २०२१, २०२२ आणि २०२४ असे तीनदा तो सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

अंदाज चुकणार हे धरूनच बेत

आता तुम्ही विचाराल, एवढे निष्णात निवडकर्तेही चुकतात, तर निवड चिठ्ठ्या टाकूनच का करू नये? तसे नाही. सरासरीने पाहिले तर वरच्या क्रमांकावर निवडलेले खेळाडू खालच्यांपेक्षा सरसच निघतात. जाणकारांना बरेच कळते, पण सगळे कळत नाही. २०१३ साली पहिल्या क्रमांकाने निवडलेला अँथनी बेनेट चार मोसमांत स्पर्धेबाहेर गेला आणि पंधराव्या क्रमांकाचा यानिस शिखरावर पोहोचला. असे अपवाद पुन्हापुन्हा घडणार, हे गृहीत धरून जो बेत आखतो तो शहाणा.

एन.बी.ए.मध्ये नवे खेळाडू निवडताना दुबळ्या संघांना आधीचे क्रमांक मिळण्याची संधी जास्त ठेवलेली असते. हेतू चांगला, पण त्यातून एक वाकडी वाट निघाली. मुद्दाम हरून वरचा क्रमांक मिळवावा, असे काही संघांना वाटू लागले. फिलाडेल्फियाने २०१३ नंतरच्या तीन मोसमांत १९, १८ आणि १० सामने जिंकले. त्यांना वरच्या निवडी मिळाल्याही. जोएल एम्बीड हा हिरा त्यांतूनच मिळाला आणि २०२३ साली तो सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. पण २०१७ साली पहिल्या क्रमांकाने घेतलेल्या मार्केल फुल्ट्झला खांद्याजवळच्या नसांच्या विकाराने ग्रासले, आणि त्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकावर गेलेला जेसन टेटम २०२४ साली बॉस्टनच्या विजेत्या संघाचा आधारस्तंभ होता. पुढे २०१९ साली नियम बदलला. सर्वांत खालच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणली गेली.

ओक्लाहोमा सिटी संघाने मात्र गणित अधिक नीट मांडले. २०१९ साली त्यांनी आपला एक नामांकित खेळाडू लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाला दिला. बदल्यात एकच मोसम खेळलेला शाई गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण आणि पुढल्या वर्षांतील कित्येक निवडींचे हक्क घेतले. यामागचा हिशेब पाहा. समजा, एका निवडीतून उत्तम खेळाडू मिळण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे २० टक्के आहे. तीन निवडी असल्या तर निदान एक तरी उत्तम मिळण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के होते आणि पाच असल्या तर ६७ टक्के. एकाच बियाण्यावर सारे शेत लावू नये, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

त्यांचीही काही बियाणी उगवली नाहीत. २०२० साली १७ व्या क्रमांकाने आलेला उंच, अठरा वर्षांचा पोकुशेव्स्की २०२४ मध्ये संघाबाहेर पडला. पण २०२२ साली १२ व्या क्रमांकाने घेतलेला जेलन विल्यम्स फळला. त्याचे विद्यापीठ बास्केटबॉलमध्ये फारसे नावाजलेले नव्हते. लू डॉर्टला तर २०१९ च्या निवडीत कोणीच घेतले नव्हते. संघाने या मुलांना हरण्याची आणि चुकण्याची मुभा दिली. २०२०-२१ च्या मोसमात ते २२ सामने जिंकले, मग २४, मग ४०, मग ५७, आणि २०२४-२५ मध्ये ६८. त्याच मोसमात ते विजेते झाले आणि गिल्जस-अलेक्झांडर सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

आता आपल्या शाळेकडे

एवढ्या दूरच्या गोष्टी सांगितल्या त्या एका जवळच्या गोष्टीसाठी. शालेय स्पर्धांत १४ वर्षांखालील मुलामुलींचा गट असतो. या वयात वाढीचा वेग प्रत्येकाचा निराळा असतो. उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास, आणि यातही दोन-दोन वर्षे मागेपुढे होणे अगदी स्वाभाविक आहे. एकाच बाकावर बसणाऱ्या तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाचे शरीर पंधरा वर्षांच्या मुलासारखे आणि दुसऱ्याचे अकरा वर्षांच्या मुलासारखे असू शकते. त्यात वयाची मर्यादा ठराविक तारखेला धरली की जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात येतात.

कॅनडातील रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली तेथील आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. जानेवारीत जन्मणारी मुले काही उपजत चपळ नसतात. लहानपणी ती थोडी मोठी दिसली म्हणून निवडली गेली. निवडली गेली म्हणून त्यांना चांगला प्रशिक्षक, जास्त सराव आणि जास्त सामने मिळाले. आणि ते मिळाले म्हणून ती खरोखरच पुढे गेली. अशा रीतीने निवडकर्त्याचा अंदाज स्वतःच स्वतःला खरा करतो, आणि निवडकर्त्याला वाटते, ‘पाहा, माझी पारख अचूक होती!’

ज्याला डावलले त्याचे काय झाले असते, हे मात्र कधीच कळत नाही. अँथनी डेव्हिस हा खेळाडू शाळेत असताना दीड वर्षाच्या आसपास सुमारे २० सें.मी. वाढला. त्यापूर्वी तो सामान्य उंचीचा, चेंडू खेळवत नेणारा मुलगा होता. तो खेळत राहिला म्हणूनच २०१२ साली पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. तेराव्या वर्षी ‘तुझे काम नाही’ म्हणून त्याला मैदानाबाहेर बसवले असते, तर त्याची वाढलेली उंची दुसऱ्या कोणत्या कामी आली असती?

शिक्षक मित्रांना येथे एक आक्षेप सुचेल, आणि तो रास्त आहे. परवा सामना आहे, समोरच्या शाळेचा संघ तगडा आहे, मग आज जो सरस आहे त्यालाच घ्यायला नको का? जरूर घ्या. पण येथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. ‘परवा कोण खेळेल?’ हा एक, आणि ‘वर्षभर कोणाला शिकवायचे?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आजच्या खेळावरून द्यावे. दुसऱ्याचे उत्तर तेवढ्यावरून देणे ही शास्त्रीय चूक आहे, आणि त्या मुलावर अन्यायही आहे. माझे स्पष्ट मत असे की, चौदा वर्षांखालील वयात संघाची यादी बारा जणांची असली तरी सरावाची यादी तीस-चाळीस जणांची असावी. प्रत्येक नावापुढे जन्माचा महिना लिहिलेला असावा. एका दिवसाच्या चाचणीवर कोणाचे नाव खोडू नये. आणि दर वर्षी यादी कोऱ्या कागदावर नव्याने करावी. याला पैसा लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि थोडा नम्रपणा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडेही एक काम आहे. शाळेच्या मैदानावर फ्री थ्रोच्या रेषेवरून रोज २५ फेकी करा आणि किती साधल्या ते वहीत लिहा. आठ दिवसांच्या २०० फेकी झाल्या की रोजचे आकडे एकमेकांशेजारी मांडून पाहा. एखाद्या दिवशी १५, एखाद्या दिवशी ८ असे चढउतार दिसतील, आणि हात मात्र तोच असेल. मग वही तशीच चालू ठेवून तीन महिन्यांनी पुन्हा आठ दिवसांची बेरीज करा. तुमची खरी प्रगती या दोन बेरजांच्या फरकात दिसेल. एखाद्याने एका दिवसाच्या आकड्यावरून तुम्हाला वर चढवले किंवा खाली ओढले, तर ही वही त्याच्यापुढे ठेवा. आणि तुमच्या वर्गातील एखाद्या बुटक्या, लाजऱ्या मुलाचे वा मुलीचे नाव यादीतून गळले असेल, तर त्यालाही एक वही द्या आणि उद्या सकाळी मैदानावर बरोबर घेऊन या.